आधी फी, मग सही

द्वारकाआत्याच्या खानावळीला जसे पडदे होते तसे तळेगावात दुसऱ्या कुणाच्या घरी मी पाहिले नाहीत. रस्त्याकडच्या खिडकीला जांभळा, जरीच्या काठाचा. स्वयंपाकघराला पोपटी, कोयऱ्याकोयऱ्यांचा. मोरीच्या दाराला चक्क मोतिया रंगाची रेशमी साडी, मधोमध फाडून दोन पाती केलेली. या सगळ्या तिच्या भावानं दिलेल्या साड्या, एखादी सोडली तर भाऊबिजेच्या. दरवर्षी रघुनाथदादा कार्ल्याहून यायचे, ओवाळून घ्यायचे, ताटात नवी साडी ठेवायचे आणि गेल्या वर्षीच्या साडीखाली बसून जेवायचे. आत्या त्यांना आग्रह करकरून वाढायची. आणखी एक करंजी घ्या, दादा, असं तोंड भरून म्हणायची. दादा मान खाली घालून करंजी खायचे आणि पडद्याबद्दल कधी एक अक्षर बोलायचे नाहीत.

माणसं सुडासाठी कोर्टात जातात, कुणी देवाला नारळ बांधतं. आत्याचा सूड धुऊन वाळत घालता येण्यासारखा होता. मला तो आवडायचा, हे मी आधीच सांगून टाकते. ती गेली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, फार प्रेमळ होती हो. प्रेमळ कसली? ती जळत होती, आणि त्या जाळावर तिनं कित्येक पोरापोरींचं भलं शिजवलं. मेल्यावर माणसाला गोड करून टाकायची आपली खोड वाईट आहे.

मी वडगावला दस्त टाईप करते. रजिस्ट्रेशनच्या कचेरीबाहेर पत्र्याखाली माझं टेबल आहे. लग्नाआधी तळेगावात एकटी राहायचे तेव्हा आत्याकडे जेवायला होते, ती ओळख पुढं राहिली. तिचं मूलबाळ नव्हतं. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला, आणि दोन खोल्यांत तिनं कॉलेजच्या पोरांची खानावळ सुरू केली. इंजिनिअरिंगची पोरं, लांबलांबच्या जिल्ह्यांतली, आईच्या हातच्या जेवणाला आसुसलेली. आत्या त्यांना आईसारखं वाढायची, पण आधी एक प्रश्न विचारायची. आज काय शिकवलं? उत्तर दिलं की ताट भरायचं. पोरगं काहीबाही सांगायचं, ती पळी हातात धरून त्याच्या डोळ्यांकडं बघायची. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण तास बुडवून आलेलं पोर तिला दारातच ओळखू यायचं. अशा पोराला भाकरी मिळायची, आमटी मात्र एकदाच. मग ती म्हणायची, बापाचा पैसा पचत असंल तर सांग, वाढते.

तिला आत्या सगळेच म्हणायचे, आणि ते तिला शोभायचंही. कारण आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त काम पडतं ते आत्यांचंच. बाप गेला की जमिनीला मुलींचीही नावं लागतात. मग भाऊ साडी घेऊन बहिणीकडं जातो, तिला गाडीत बसवून वडगावला आणतो, ती हक्कसोडपत्रावर सही करते. बापाच्या इस्टेटीवर माझा काही हक्क नाही, हे मी राजीखुशीने लिहून देते. मग मिसळ खाऊन ती सासरी परत. सही नाही केली तर माहेर तुटतं, आणि माहेर तुटलेली बाई म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं मावळात राहू नये. पुण्यामुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी इथल्या खाचरांना सोन्याचा भाव आणला. साडीचा भाव तोच राहिला. अशी किती पत्रं मी टाईप केली असतील देव जाणे, आणि प्रत्येकीच्या नावापुढं, वय अमुक, धंदा घरकाम.

आत्याचा जाळ कुठून पेटला ते तिनं मला एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता. त्यांच्या घरी म्हशी होत्या. धारा काढायच्या, किटल्या घेऊन लोणावळ्याला जायचं, हॉटेलांत आणि बंगल्यांत दूध घालायचं आणि तिथूनच शाळेत, हे द्वारकेचं काम. बरोबर कमल असायची. कमलचे वडील रेल्वेत गँगमन, बौद्धवाड्यातलं एका खोलीचं घर, गुंठाभर जमीन नाही. गणितं द्वारका कमलला शिकवायची. रघुनाथ वर्षानं मोठा, पण मध्ये एकदा नापास झालेला, त्यामुळं बारावीला दोघं बहीणभाऊ बरोबरच बसले. ती पहिल्या वर्गात आली, तो कसाबसा काठावर.

एकाला कॉलेजात घालण्यापुरतं बळ बापाकडं होतं. आबा वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन दिवस विचार केला, मग गोठ्याच्या दारात रघुनाथला विचारलं, तुला धाडू का तिला? द्वारका आत म्हशीखाली बसली होती. तिनं धार थांबवली, आवाज होऊ नये म्हणून. रघुनाथ म्हणाला, ती शिकून काय करनार, मला धाडा.

म्हशी विकल्या. तिनं वाढवलेल्या म्हशी. रघुनाथ पुण्याला होस्टेलात गेला, दोन वर्षं तिथं राहिला आणि एका सेकंडहँड मोटारसायकलीवर बसून परत आला. तोवर द्वारकेचं लग्न लावून झालं होतं. तिकडं कमलच्या वडलांनी फंडातून उचल घेतली, पोरीला स्कॉलरशिप मिळाली, ती बी.एस्सी., बी.एड. होऊन शाळेत लागली. आत्या म्हणायची, त्यांच्याकडं जमीन न्हवती ना, म्हनून अक्कल हुती. रघुनाथदादांपाशी तो गोठ्याचा विषय तिनं दोनतीनदा काढला असेल. ते दर वेळी हसून म्हणाले, मी कुटं काय म्हनलो, आबांनीच ठरवलं, मी तर पोरगा हुतो तवा.

ती जखम त्या नकारानं चिघळली. गेलेलं कॉलेज तिनं एक वेळ गिळलं असतं. पण ऐकलेलं वाक्य ऐकलंच नाही असं कुणी म्हणावं, हे तिला गिळता येत नव्हतं.

आबा गेले. डोंगराकडच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं आणि रघुनाथदादा भाऊबीज नसताना साडी घेऊन आले. आत्या हसतमुखानं वडगावला आली. पत्र मीच टाईप केलं. आत साहेबांपुढं तिची पाळी आली. साहेब दिवसभर विचारतात तसं त्यांनी मान वर न करता विचारलं, दस्त मान्य आहे ना, कुणाची जबरदस्ती नाही ना? या प्रश्नाला हो म्हणतात. नमस्काराला नमस्कार म्हणावं तसं. आत्या म्हणाली, "न्हाई."

साहेबांनी मान वर केली. कुठलं नाही, त्यांनी विचारलं. मान्य न्हाई, ती म्हणाली, आणि पदर सावरून बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसली.

दादा पांढरेफटक पडले होते. टोकनच्या पैशातून त्यांच्या मुलानं काळी मोठी गाडी घेतलीही होती, मागच्या काचेवर 'आबांचा आशीर्वाद' लिहिलेली. आणि मुलगी रेणुका त्याच वर्षी बारावी झालेली, फार्मसीला जायचं म्हणून रडणारी, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू. आत्याला जमिनीतला हिस्सा नको होता. तिनं सांगितलं की रेणुकाची चारी वर्षांची फी आणि होस्टेल, सगळं पोरीच्या नावानं बँकेत ठेवा, पावती या बाईला दाखवा, मग मला बोलवा. या बाईला म्हणजे मला. दादा म्हणाले, अगं पोरीला शिकवायला आमची ना न्हाई, पण तिच्या नावावर बँकेचं कर्ज काढू, समदी काढत्यात. तेव्हा आत्या जे बोलली ते पत्र्याखालच्या सगळ्यांनी ऐकलं.

"गाडी रोखीनं आन् पोरगी कर्जावर व्हय, दादा?"

पंधरा दिवसांत पावती आली. आत्यानं सही केली, साडी घेतली, मिसळ खाल्ली. ती साडी म्हणजे मघाशी सांगितलेला जांभळा पडदा.

ही गोष्ट मावळात पसरायला वेळ लागला नाही. बायका आत्याकडं येऊ लागल्या. उघडपणे नाही, खानावळीत पापड लाटायला म्हणून, लोणच्याचं विचारायला म्हणून. आत्या त्यांना कायदा सांगायची नाही, तिला तो येतही नव्हता. ती त्यांना एकच शब्द म्हणायला शिकवायची. मी साहेब, असं म्हणून ती खुर्चीत बसायची आणि समोरच्या बाईला विचारायची, मान्य हाय का? बाई पुटपुटायची. आत्या म्हणायची, मोठ्यांदा. शेतात गडी बोलवताना बोलतीस तशी. रोज ज्यांचा आवाज शिवारभर घुमतो त्या बायकांच्या तोंडून तो एक शब्द बाहेर पडायला दोन-दोन आठवडे जायचे. तिची अट ठरलेली होती. हिस्सा मागायचा नाही, सोनं मागायचं नाही. स्वतःच्या किंवा भावाच्या लेकराचं कॉलेज मागायचं. लुगडं फाटतं, डिग्री फाटत न्हाई, असं ती म्हणायची, आणि पुढं तिची ती घोषणा, आधी फी, मग सही.

भाऊ लोक चिडले. सोमाटण्याचा एक गडी भर दुपारी खानावळीत आला, पोरांदेखत आत्याला नाही नाही ते बोलला आणि जाताना आमटीचं पातेलं उचलून गटारात ओतून गेला. आत्यानं गटारावर पाणी मारलं, पोरांना पिठलं करून वाढलं. संध्याकाळी तिनं मला इतकंच विचारलं, ह्याला भैनी किती? मी म्हणाले, चार. त्या महिन्यात आत्या एसटीनं चार गावं फिरून आली, प्रत्येक ठिकाणी बेसनाचे लाडू घेऊन.

पुढं तो गडी कचेरीत आला, एका पिशवीत चार साड्या घेऊन. थोरली नाही म्हणाली. मग दुसरी. तिसरी रडली, पण रडत रडत नाहीच म्हणाली. चौथीपर्यंत साहेबांनी दस्त बाजूला सरकवला होता. शेवटी त्या गड्याला दोन भाच्या आणि एक भाचा शिकवावे लागले. त्या दिवशी तो बाहेर येऊन मटकन बाकावर बसला तर समोरच्या बाकावर आत्या, मांडीवर स्टीलची बरणी. तिनं झाकण काढलं आणि अगदी मायेनं म्हणाली, घ्या भाऊ, आमटी हाय, त्या दिशी सांडली हुती. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला फार थोड्या दुपारी मिळालं आहे.

सगळंच असं साजरं झालं नाही. एकीच्या भावानं फी भरली आणि दार कायमचं लावून घेतलं. तिची आई वारली ते तिला तेराव्याला कळलं, तेही दुधवाल्याकडून. ती आत्याकडं येऊन बसली. आत्यानं तिला जेवायला वाढलं. तिची मुलगी बी.कॉम. झाली, नोकरीला लागली, सगळं खरं, पण आईचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर आत्या प्रत्येकीला आधी विचारायची, माहेर तुटलं तर सोसंल का? न सोसणाऱ्या बाईला ती स्वतःच सांगायची, जा, सही कर, साडी घे.

स्वतःचं माहेर तिनं कधी तुटू दिलं नाही. तोडलं असतं तर भाऊबिजेला पडद्याखाली कुणाला बसवणार होती?

रेणुका शिकली, औषधांच्या कंपनीत लागली, घरी पैसे पाठवू लागली. दादांच्या मुलाची गाडी आधी भाड्यानं चालली, मग हप्त्यांच्या दुसऱ्या एका गाडीपायी विकली गेली, आणि जमिनीचे पैसे कुठं गेले ते कुणालाच सांगता येईना. शेवटी गावातलं घर आणि मागचं परडं, एवढं उरलं. तेही विकायचं ठरलं. पुन्हा आत्याची सही, कारण पहिलं पत्र डोंगराकडच्या जमिनीपुरतंच होतं. रेणुका स्वतः आली आणि म्हणाली, आत्या, बाबा थकलेत, आता सोडून दे गं. आत्या तिला म्हणाली, "तुला शिकवलं ते मला अक्कल शिकवाया न्हाई."

मग तिनं दादांना अट सांगितली. या खेपेला कॉलेज तिचं स्वतःचं.

साठी उलटलेली बाई. बारावीचं मार्कलिस्ट तिनं ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं. कॉलेज लोणावळ्याचंच पाहिजे, जिथं ती दूध घालायला जायची त्याच रस्त्यावरचं. फी दादांनी भरायची, पाठवून नाही, स्वतः रांगेत उभं राहून. आणि फॉर्मवर पालक म्हणून सही दादांची. मला तिनं सोबतीला नेलं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोवळ्या पोरापोरींच्या रांगेत टोपी घातलेले रघुनाथदादा उभे, हातात फॉर्म. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, नात का हो आजोबा? दादा म्हणाले, भैन. क्लार्कनं मान बाहेर काढून मुलगी शोधली. दादांनी बोट दाखवलं. क्लार्क चांगला होता, म्हणाला, यांना पालकाच्या सहीची गरज नाही, सोडा तो रकाना. आत्या मागून म्हणाली, सोडायचा न्हाई. चाळीसावर वर्षं रिकामा हाय त्यो. दादांनी सही केली.

बाहेर आल्यावर दादांनी विचारलं, मग आता वडगावला कधी यायचं? आत्या म्हणाली, निकाल लागला की. शेवटच्या वर्षाचा.

ती तीन वर्षं म्हणजे तिच्या सुडाचा उत्सव होता. घराचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, मुलाचं कर्ज चढतं, आणि सगळं अडलं होतं ते द्वारका पास होते की नाही यावर. जो भाऊ म्हणाला होता की ती शिकून काय करणार, तोच आता फोन करून विचारायचा, अभ्यास झाला का गं? परीक्षेच्या दिवसांत दादा कार्ल्याच्या फाट्यावर उभे राहायचे, तिच्या एसटीत चढायचे, तिची पिशवी धरायचे आणि पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या पायऱ्यांवर बसायचे. मी तिला म्हटलं, मुद्दाम एखादा पेपर कोरा ठेवलात तर अजून वर्षभर नाचवाल त्यांना. तिनं याचा विचार केला होता. नापास व्हनं लय सोपं हाय, ती म्हणाली, पन मग त्यो मनात म्हनंल, बघा, आबांनी मलाच धाडलं ते बरोबर हुतं.

कॉलेज कसं वाटतंय, असंही मी विचारलं होतं. वाटलं, आता डोळे भरून येतील. ती म्हणाली, अर्ध्या तासांना लय कंटाळा येतो गं, एक मास्तर तर जुन्या वहीतलं वाचूनच दावतो, पोरं मागं झोपत्यात. मग म्हणाली, "पन ह्यो कंटाळा दादाच्या वाट्याला आलता, माझ्या न्हाई. आता माझा मला मिळाला." तिनं त्यातला एकही तास बुडवला नाही. खानावळीतली पोरं तिला दारातच विचारायची, आत्या, आज काय शिकवलं, आणि ती पळी खाली ठेवून सगळं सांगायची.

ती पास झाली. दुसऱ्या वर्गात.

दोघं रेणुकाला घेऊन वडगावला आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दादा खूप वाळले होते. हातात साडीची पिशवी होतीच. मी टाईप करायला घेतलं, नाव, वय, आणि बोटं सवयीनं घरकाम लिहायला गेली. आत्यानं माझं मनगट धरलं. शिक्षण लिही, म्हणाली, एम.ए.ला नाव घातलंय, ह्या खेपेला फी माझी मी भरली. मी लिहिलं, धंदा शिक्षण. कॉलेजच्या पोरांचे दस्त येतात तेव्हा तसंच लिहितात. भावाच्या नावापुढं धंदा शेती लिहिलं, शेत नसलं तरी. प्रत्येक पानावर सही करताना दादांनी दोन्ही ओळी वाचल्या.

आत साहेब वेगळे होते, प्रश्न तोच. दस्त मान्य आहे ना, कुणाची जबरदस्ती नाही ना? आत्यानं मान दादांकडं वळवली. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती साहेबांकडं बघतच नव्हती, दादांकडं बघत होती. मागं रांग चुळबुळू लागली. रेणुका पुढं व्हायला लागली तर मीच तिचा हात धरला.

दादांनी टोपी काढली. कशासाठी काढली कुणास ठाऊक, उकाडाही नव्हता.

"म्याच म्हनलो हुतो, द्वारके," ते म्हणाले. "गोठ्याम्होरं. आबा तुला धाडायला तयार हुता. म्याच म्हनलो, मला धाडा."

कचेरीत कुणाला काही कळलं नाही. साहेब म्हणाले, हे काय चाललंय?

आत्यानं मोठा श्वास घेतला, धार काढून उठताना कमरेवर हात ठेवून घेतात तसा. "मान्य हाय, साहेब," ती म्हणाली, आणि अंगठा मशीनवर ठेवला.

बाहेर पत्र्याखाली दादा रडत होते. म्हातारे पुरुष रडायला लागले की त्यांना थांबता येत नाही, त्यांना सवय नसते. मला वाटलं, आता ही भावाच्या पाठीवरून हात फिरवेल. रेणुकालाही तसंच वाटलं असणार, ती पदराआडून बघत होती. दादांनी पिशवी पुढं केली. आत्यानं साडी बाहेर काढली. चांगली होती, गर्द हिरवी, रेणुकाच्या पगारातली असणार. आत्यानं पदर बोटांत धरून कापड चाचपलं, उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का ते पाहिलं.

"बरी हाय, दादा," ती म्हणाली. "मोरीचा पडदा फाटलाच हुता."

तिनं साडीची घडी घालून पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. दुपारचा तास होता तिला. त्यानंतर ती मला भेटली नाही. एम.ए.चं पहिलं वर्ष संपायच्या आत गेली. मी खानावळीत गेले तेव्हा मोरीच्या दाराला हिरवा पडदा होता, आणि त्याच्याखाली रघुनाथदादा बसले होते.